हद्दीपलीकडचा कर आणि घरचा हिशेब

गडहिंग्लज तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र गेल्या आठवड्यात आले. घरची चार एकर शेती, आणि तिला जोड म्हणून मिरची कांडपाचा आणि मसाल्याचा धंदा. सासूबाईंनी एका यंत्रावर सुरू केलेला. आज तीन यंत्रे आहेत, पाच बायका रोजाने कामाला येतात, आणि वर्षाकाठी चोवीस लाखांच्या आसपास विक्री होते. ताई लिहितात :

“धाकटे दीर म्हणतात, धंदा उचलून संकेश्वरकडे न्यायचा. कर्नाटकात कर कमी आहे, त्यांच्या मित्राने सांगितले आहे. जागाही बघून ठेवली आहे. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. आमचे हे दोन्ही बाजूंनी गप्प. भाऊ, तिकडे खरोखर कर कमी आहे का, एवढेच सांगा. मग काय ते आम्ही ठरवू.”

प्रश्न एका ओळीचा आहे, पण त्यावर एक चूल दोन व्हायची पाळी आली आहे. शिवाय हा प्रश्न काही गडहिंग्लजपुरता नाही. सावंतवाडीचा माणूस गोव्याकडे बघतो, देगलूरचा तेलंगणाकडे, नवापूरचा गुजरातेकडे. पलीकडे सारे स्वस्त, आपल्याकडेच सगळे महाग, असे प्रत्येकाला वाटते. दुरून डोंगर साजरे! म्हणून आज हा डोंगर जरा जवळ जाऊन पाहू.

पहिली गोष्ट ही की, कर म्हटला की तो कोणाचा, हे आधी विचारावे. आपल्या खिशातून तीन ठिकाणी पैसा जातो : दिल्लीला, राज्याला आणि ग्रामपंचायतीला. आयकर दिल्लीचा. तो गडहिंग्लजला जेवढा तेवढाच संकेश्वरला आणि तेवढाच कन्याकुमारीला. शेतीच्या उत्पन्नावर कर बसवण्याचा अधिकार घटनेने राज्यांना दिला आहे, केंद्राला नाही, म्हणून शेतीचे उत्पन्न केंद्राच्या आयकरातून सुटते. पण मसाल्याचा धंदा ही शेती नव्हे. मिरची स्वतःच्या रानातली असली, तरी ती कुटून, पाकिटात भरून विकली की धंद्याचा नफा आयकराच्या हिशेबात येतो. तो या हद्दीत येतो आणि त्या हद्दीतही येतो.

आता विक्रीवरचा कर. पूर्वी प्रत्येक राज्याचा विक्रीकर वेगळा होता, दर वेगळे होते, आणि हद्दीवरची दुकानदारी त्याच्यावर चालत असे. दिरांच्या मित्राच्या डोक्यात बहुधा तेच जुने दिवस असावेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर, म्हणजे ज्याला आपण सारे जीएसटी म्हणतो तो आला, आणि मालावरचा दर देशभर एकच झाला. मिरचीच्या भुकटीवर पाच टक्के आहेत. ते कोल्हापुरात पाच आणि बेळगावातही पाच. शिवाय या कराची रीत अशी की, माल जिथे वापरला जातो त्या राज्याला राज्याचा वाटा मिळतो. कारखाना कुठे आहे याला महत्त्व नाही, गिऱ्हाईक कुठे आहे याला आहे.

इथेच एक काटा दडलेला आहे, आणि तो पायात मोडण्याआधी ताईंच्या दिरांनी पाहावा म्हणून सविस्तर लिहितो. माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल आणि विक्री आपल्याच राज्यात असेल, तर महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी सहसा करावी लागत नाही. कर्नाटकातही मर्यादा तेवढीच आहे. पण माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला गेला की ही सूट उरत नाही. उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी करावी लागते. ताईंची चोवीस लाखांची विक्री बहुतेक गडहिंग्लज, आजरा आणि कोल्हापूरच्या बाजारात होते. म्हणजे आज त्या नोंदणीच्या बाहेर आहेत. उद्या यंत्रे संकेश्वरला गेली आणि गिऱ्हाईक गडहिंग्लजलाच राहिले, तर मधली हद्द ओलांडताच नोंदणी आली, विवरणपत्रे आली, आणि पाच टक्के आले. चोवीस लाखांवर पाच टक्के म्हणजे एक लाख वीस हजार. खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा होतो हे खरे, पण मिरची थेट शेतकऱ्याच्या रानातून घेतली, तर वजा करायला फारसे काही नसते.

कोणी म्हणेल, लहान व्यापाऱ्यासाठी एकरकमी कराची सवलत आहे ना? आहे. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्याला आणि उत्पादकाला उलाढालीच्या एक टक्का भरून मोकळे होता येते. पण ती सवलत घेणाऱ्याला परराज्यात माल विकता येत नाही. म्हणजे पुन्हा तीच हद्द आडवी आली.

तेव्हा ताईंच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : कर कमी होणार नाही, वाढण्याचीच शक्यता अधिक. गिऱ्हाईकही पलीकडचेच जोडायचे असेल, तर गोष्ट निराळी. मग तो नवा धंदा होईल, जुन्याचे स्थलांतर नव्हे.

मग राज्याराज्यांत काहीच फरक नाही काय? आहे, आणि तो नीट ओळखावा. पेट्रोल, डिझेल आणि दारू जीएसटीच्या बाहेर आहेत, त्यांच्यावर राज्ये आपापला कर लावतात. वाहनावरचा कर राज्याचा. जमीन-घराच्या खरेदीवरचे मुद्रांक शुल्क राज्याचे. व्यवसाय कर राज्याचा. विजेवरचे शुल्कही राज्याचे. यांतला एकेक घेऊ.

इंधनाचे उदाहरण सिंधुदुर्गातल्या वाचकांना आठवत असेल. २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा राज्याचा कर जवळजवळ काढूनच टाकला. लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास फरक पडला, आणि बांदा-सावंतवाडीकडच्या गाड्यांची तोंडे गोव्याच्या पंपांकडे वळली. पुढे तो कर पुन्हा वाढत गेला. यात कोणाचा दोष नाही. राज्याला पैसा लागतो, कधी इथून घेते कधी तिथून. पण जो माणूस त्या अकरा रुपयांच्या भरवशावर घर हलवील, त्याचे काय? राज्याचा दर म्हणजे दर वर्षीच्या अंदाजपत्रकाचा पाहुणा. आज आहे, उद्या नाही. टाकी भरायला हद्द ओलांडावी, संसार न्यायला नव्हे.

वाहनाचे तर आणखी सोपे. परराज्यात कर कमी म्हणून तिकडच्या पत्त्यावर गाडी घ्यायची आणि चालवायची इकडे, हा उद्योग पुष्कळ जण करतात. १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो की, गाडी जिथे राहते आणि जिथे नेहमी ठेवली जाते, तिथेच तिची नोंदणी हवी. दुसऱ्या राज्यात ती बारा महिन्यांहून अधिक ठेवली, तर तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि तिथला करही भरावा लागतो. पुदुच्चेरीत कर कमी म्हणून तिथल्या खोट्या पत्त्यांवर केरळातल्या महागड्या गाड्या नोंदवल्याची प्रकरणे २०१७ मध्ये गाजली, चौकशा झाल्या, नामवंतांना जबाब द्यावे लागले. मोठ्यांना वकील मिळतो. तुमच्या-माझ्या पिकअपला नाक्यावर अडवले, की त्या दिवसाची भाजी गाडीतच सुकते.

मुद्रांक शुल्क मालमत्ता जिथे आहे तिथल्या राज्याचे लागते, खरेदीदार कुठला हे पाहत नाही. म्हणजे राहते घर हलवून त्यात बचत नाही. आणि ते एकदाच भरायचे असते, दर साल नव्हे.

उरला व्यवसाय कर. दिल्ली, हरियाणा, उत्तर प्रदेश या ठिकाणी तो नाही. आपल्याकडे आहे आणि कर्नाटकातही आहे. घटनेनेच त्याला वर्षाला अडीच हजारांची कमाल मर्यादा घातली आहे, त्यापुढे कोणतेही राज्य जाऊ शकत नाही. महाराष्ट्रात दरमहा पंचवीस हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना तो २०२३ पासून माफ आहे. म्हणजे वर्षाला अडीच हजार, दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. एका चहाच्या पैशासाठी बिऱ्हाड पाठीवर घ्यायचे काय?

याच करावरून एक जुनी गोष्ट सांगतो, कारण घरातल्या तरुणांना ती ठाऊक नसते. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली आला. कशासाठी? १९७२ च्या दुष्काळाने खेड्यापाड्यातले लोक खडी फोडायला बसवले, त्या काळी रोजगार हमी योजना उभी राहत होती. तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांच्या कल्पनेतली ही योजना. मागेल त्याला काम द्यायचे, तर मजुरीचा पैसा हवा. तो शहरातल्या पगारदाराकडून आणि व्यापाऱ्याकडून व्यवसाय कराच्या रूपाने घ्यायचा, असे ठरले. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, आणि २००५ साली सगळ्या देशाने त्याच वाटेने कायदा केला. तुमच्या गावचा पाझर तलाव, नालाबांध किंवा पाणंद रस्ता जुन्या माणसांना विचारून पाहा, त्यांतला एखादा तरी त्या पैशाचा निघेल. कर म्हणजे केवळ गेलेला पैसा नव्हे, कधी कधी तो पाणी होऊन रानात परत येतो. कधी येत नाही हेही खरे. पण मग भांडण परताव्याचे करावे.

पंजाब आणि बिहार यांच्याकडे पाहा. पंजाबात गहू आणि भातावर बाजार शुल्क तीन टक्के, ग्रामविकास शुल्क तीन टक्के, वर अडत्याचे अडीच टक्के, असा साडेआठ टक्क्यांचा बोजा पुष्कळ वर्षे राहिला. तो खरेदीदार भरतो, आणि तिथल्या मंड्या व गावजोड रस्ते त्यातून उभे राहिले. बिहारने २००६ साली बाजार समितीचा कायदाच रद्द केला, शुल्क गेले. मग बिहारच्या शेतकऱ्याला भाव जास्त मिळाला काय? तिथला भात हमीभावाच्या खाली व्यापाऱ्याला विकला जातो, आणि ट्रक भरून पंजाब-हरियाणाच्या मंड्यांत जातो, असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. शुल्क शून्य, आणि बाजारही शून्य! पंजाबचे सारेच बरे आहे असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की, कराचा आकडा एकटा पाहू नये, त्याच्या शेजारी काय मिळते तो आकडाही मांडावा.

आता मोठ्या कारखानदारांची गोष्ट. ते तर कर पाहूनच जागा ठरवतात ना? हो, काही काळ ठरवतात. मुंबई-ठाण्याच्या पुष्कळ उद्योगांनी दमण आणि सिल्व्हासा गाठले, कारण तिथे पंधरा वर्षांची विक्रीकर माफी होती. जानेवारी २००३ मध्ये केंद्राने हिमाचल आणि उत्तराखंडातल्या नव्या कारखान्यांना दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ केले, आणि बद्दीसारख्या लहानशा गावात औषधांच्या कारखान्यांची रांग लागली. पण हे नीट बघा : सवलतीला मुदत होती. दहा वर्षे किंवा पंधरा वर्षे, आणि मग खलास. कारखानदार हे आधीच हिशेबात धरतो, दहा वर्षांत यंत्राची किंमत वसूल करतो. शेतकरी कुटुंब दहा वर्षांसाठी घर बांधत नाही. आपल्याला नातवापर्यंत पाहावे लागते.

भिवंडीची गोदामेही अशीच. मुंबईची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, भिवंडीच्या आसपासच्या ग्रामपंचायतींत माल साठवायला सुरुवात केली. मुंबईची जकात २०१७ साली बंद झाली, पण गोदामे उठली नाहीत, उलट वाढली. कारण तोवर तिथे हमरस्ता होता, मोकळी जागा होती, हमाल होते, वाहतूकदार होते. व्यापाऱ्याला तिथे कराने नेले खरे, पण ठेवले ते रस्त्याने आणि माणसांनी. ज्याला जागा बदलायची आहे, त्याने हे वाक्य चुलीजवळच्या भिंतीवर लिहून ठेवावे.

आणि हद्दीवरची माणसे स्वतः काय मागतात? २०२२ च्या हिवाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याचा पूर्व भाग गाजला. पाणी द्या, नाहीतर आम्ही कर्नाटकात जातो, असे तिथल्या काही गावांचे म्हणणे होते. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा तालुक्यातली काही गावे गुजरातेत जाण्याची भाषा बोलू लागली : रस्ता नाही, दवाखाना नाही, पाणी नाही. या सगळ्या रागात कराचा शब्द शोधून सापडत नाही. कर कमी करा म्हणून नव्हे, हक्काचे मिळत नाही म्हणून माणूस हद्दीकडे तोंड करतो. तेव्हा तुलना करायचीच, तर याची करावी.

याशिवाय काही गोष्टी अशा आहेत की त्यांची पावती कोणी देत नाही, पण किंमत मोठी असते. मुलांची शाळा मराठी, कचेरीचा कागद कन्नड. जातीच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या. अनुसूचित जाती-जमातीचा माणूस स्वखुशीने दुसऱ्या राज्यात गेला, तर तिथले आरक्षण त्याला आपोआप मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० सालचा निर्णय आहे. उद्या मुलीला नर्सिंगला घालताना हा कागद आडवा येऊ शकतो. सरकारी योजनाही तशाच : महाराष्ट्रातली २०२४ ची लाडकी बहीण इथल्या रहिवासी बाईला, कर्नाटकातली २०२३ ची गृहलक्ष्मी तिथल्या कुटुंबप्रमुख बाईला. बिऱ्हाड हलले की एक सुटते आणि दुसरी मिळेपर्यंत कागद गोळा करावे लागतात. आणि या योजनाही अंदाजपत्रकाच्या पाहुण्याच आहेत, हे विसरू नये.

तर मग वाचकहो, करायचे काय? एक कोरा कागद घ्या, मधोमध रेघ ओढा. डावीकडे आपले गाव, उजवीकडे नवे ठिकाण. दोन्हीकडे वर्षाचे आकडे लिहा : कर, वीजबिल, जागेचे भाडे, वाहतूक, मजुरी, कच्च्या मालाचा भाव. त्याखाली लिहा, किती गिऱ्हाईक टिकेल आणि किती सुटेल. प्रत्येक सवलतीपुढे तिची मुदत लिहा. मुदत ठाऊक नसेल, तर ती ओळ खोडून टाका. शेवटी खाली लिहा, घरातले कोण बरोबर येईल आणि कोण मागे राहील. हा हिशेब एकट्याने करू नये. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी बसून करावा, आणि पहिली ओळ बाईने सांगावी, कारण धंद्याची खरी वही तिच्या डोक्यात असते.

पुष्कळदा या कागदावर असे दिसेल की फरक कराचा नाहीच, विजेचा आहे किंवा भाड्याचा आहे. तसे निघाले, तर हद्द ओलांडण्याआधी तालुका बदलून पाहावा. उद्योग मागासलेल्या भागात जावेत म्हणून आपल्या राज्याने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना चालवली आहे. तालुक्यांची प्रतवारी लावून कुठे कमी, कुठे जास्त सवलत दिली जाते. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन, आपल्या तालुक्याची प्रत कोणती आणि आज कोणती सवलत चालू आहे, हे लेखी विचारावे. तोंडी उत्तरावर यंत्र विकत घेऊ नये.

आणि कागदाच्या शेवटी उजवी बाजूच खरोखर जड निघाली, तर जरूर जावे. आपले बापजादेही पाण्यामागे, बाजारामागे गेलेच होते. जाण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो ऐकीव गोष्टीवर जाण्यात.

ताई, आता तुमच्याशी दोन शब्द. दिरांवर रागावू नका. धंदा वाढावा असे वाटणारा तरुण घरात आहे, हे भाग्यच. त्यांच्या मित्राने जुना करार नव्या काळात सांगितला, एवढेच. त्यांना हा अंक वाचायला द्या आणि तो कोरा कागदही द्या. संकेश्वरची मिरची नामांकित आहे, ती तिथून आणा आणि तुमच्या यंत्रावर कुटा. राज्याबाहेरून माल विकत आणायला नोंदणीची सक्ती होत नाही, विकायला होते. पलीकडचा बाजार खुणावतच असेल, तर रीतसर नोंदणी करून तिकडे एक दुकान काढता येईल. त्यासाठी तीन यंत्रे आणि एक चूल उचलायची गरज नाही.

सासूबाईंना आज ताट वाढताना सांगा की, कागद झाल्याशिवाय यंत्राचा एक नटसुद्धा हलणार नाही. मग त्या जेवतील.

कागदावर काय निघाले ते मात्र कळवा. वाचकहो, तुमच्यापैकी कोणी हद्द ओलांडून गेले असेल किंवा जाऊन परत आले असेल, तर तुम्हीही लिहा. तुमचा अनुभव दुसऱ्या एखाद्या घराच्या उपयोगी पडेल.

तुमचा,
भाऊ